पहिल्यांदाच बिनचालकाच्या टॅक्सीत बसताय?

धाकधूक वाटणारच, मलाही वाटली होती. पहिली दोन-तीन वळणं गेली की ती ओसरते. अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या परिसरात वेमो या कंपनीची अशी सेवा ऑक्टोबर 2020पासून सर्वांसाठी खुली आहे.

सुरुवातीला सगळ्यात जास्त चुकतं ते गाडीत चढताना. गाडी तुमच्या दारातच थांबेल असं धरून चालू नका. तिला सुरक्षित वाटेल तिथे ती थांबते, कधी थोडं पुढे, कधी रस्त्यापलीकडे. ॲपमधला नकाशा बघत आधीच तिथे जाऊन उभे राहा, कारण ती काही मिनिटंच थांबते. वेमोच्या छपरावर तुमच्या नावाची आद्याक्षरं दिसतात, ती जुळवूनच दार उघडा.

मग एवढंच:
- पट्टा लावा, मागच्या सीटवरही.
- स्टिअरिंगला हात लावू नका, अगदी गंमत म्हणूनही.
- मध्येच उतरायचं असेल तर गाडी बाजूला घेण्याचं बटण दाबा. चालत्या गाडीचं दार ओढू नका.
- अडलात तर मदतीचं बटण आहे, पलीकडे खरा माणूस बोलतो.

उतरताना मागून सायकल येत नाही ना, ते बघा आणि दार नीट लावा. उघड्या दाराने गाडी तिथेच अडकून पडते.

बाकी सेटिंग्ज दुसऱ्या फेरीला बघू.