लेसर डॉप्लरने पाण्याचा वेग मोजणं: पंपासाठी आणि पंचगंगेसाठी चालेल का?

शिरोली एमआयडीसीतल्या पंपाच्या चाचणीला आणि पंचगंगेच्या पुराला लेसर डॉप्लरचं एकच यंत्र चालेल का, असं तुम्ही विचारलंय. पंपाला जरूर वापरा, नदीला नको.

एकाच लेसरचे दोन झोत करून ते पाण्यात एका जागी एकमेकांना छेदतात. तिथे उजेड-अंधाराचे बारीक पट्टे तयार होतात. पाण्याबरोबर वाहणारा सूक्ष्म कण ते ओलांडताना लुकलुकतो. पट्ट्यांमधलं अंतर गुणिले लुकलुकण्याची वारंवारता, हाच वेग. ६३२.८ नॅनोमीटरचा हीलियम-निऑन लेसर आणि हवेत झोतांमध्ये १० अंशांचा कोन धरला, तर पट्टे साधारण ३.६ मायक्रोमीटर अंतरावर पडतात. म्हणजे सेकंदाला १ मीटर वेग असेल तर सुमारे २७५ किलोहर्ट्झ! लेसर डॉप्लरने वेग मोजणं १९६४ मध्ये ये आणि कमिन्स या शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा करून दाखवलं. प्रवाहात काहीही न बुडवता वेग कळतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पाणी पुढे जातंय की उलटं, हे नुसत्या लुकलुकण्यावरून कळत नाही. त्यासाठी एका झोताची वारंवारता ब्रॅग सेल या उपकरणाने (ते ध्वनिलहरींनी उजेडाची वारंवारता बदलतं) किंचित सरकवतात. पंपाच्या केसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, ॲक्रिलिकची सपाट खिडकी लागेल, ओतीव लोखंडातून उजेड जाणार कसा?

पुराच्या गढूळ पाण्यातही तीच अडचण. राजाराम बंधाऱ्यापाशी मोजायचं तर ध्वनिलहरींवर चालणारं डॉप्लर यंत्र घ्या. केसिंगची थरथर मोजायची असेल तर लेसर व्हायब्रोमीटर मागा, त्याला खिडकी लागत नाही.