आखूड आणि जाड बोटांना नखांचा कोणता शेप चांगला दिसतो?

ओव्हल, म्हणजे लंबगोल, करा. तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे, बोटं आखूड-जाड आहेत आणि वहिनी म्हणतायत कॉफिन शेपचं एक्स्टेन्शन (वरून जोडलेली खोटी नखं) कर म्हणजे बोटं लांब दिसतील. वहिनींचं ऐकू नका. माझ्या लग्नात मला अगदी हेच सांगितलं होतं, फक्त वहिनीच्या जागी मावसबहीण होती.

तिची बोटं लांबसडक. लहानपणापासून घरात आमच्या हातांची तुलना व्हायची, आजी माझा हात धरून म्हणायची, हिचे हात भाकरी थापायला बरे. त्यामुळे लग्नाच्या दोन दिवस आधी ताई म्हणाली की तुझ्या बोटांना नुसत्या नेलपेंटने काही होणार नाही, कॉफिनच्या टिप्स, म्हणजे नखांवर चिकटवायची खोटी टोकं, लावून घे, तेव्हा मी निमूट जाऊन बसले. आता कॉफिन म्हणजे बाजू निमुळत्या आणि टोक सरळ कापलेलं, पण तो निमुळतेपणा दिसायला नख बरंच लांब लागतं. मला तेवढं लांब नको होतं म्हणून पार्लरवाल्या मुलीने मध्यम ठेवलं आणि मग उरली ती टोकाची आडवी रेघ. आखूड बोटावर आडवी रेघ आली की बोट अजूनच रुंद दिसतं, अल्बममध्ये स्पष्ट दिसतंय.

पण खरा त्रास सुपारी सोडवताना झाला. ह्यांनी मूठ घट्ट आवळलेली, सगळे ओरडतायत, मी दोन्ही हातांनी बोटं उघडायला गेले आणि अंगठ्याची टिप मागे वाकून निघाली ती माझ्या खऱ्या नखाचा पापुद्रा घेऊनच. डोळ्यांत पाणी आलं. रिसेप्शनभर अंगठा मुठीत लपवून उभी होते. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे पूर्ण नवीन यायला सहा महिने गेले, तोवर लसूणसुद्धा नीट सोलता येत नव्हता. ताई आजही म्हणते शेप बरोबर होता, तुला सांभाळता आला नाही. अहो, लग्नात हात वापरावाच लागतो ना! निऱ्या धरायच्या, घास भरवायचा, तो काय शोकेसमध्ये ठेवायचा असतो का?

तुमच्याकडे महिना आहे, आजपासून कापणं बंद केलंत की पुरेसं वाढेल. मुळाशी जी गोलाई आहे तशीच टोकाला आणायची. बाजू सरळ राहू द्या, कोपरे खोल घासले की नख तिथूनच तडकतं. फाइल कोरड्या नखावर, एकाच दिशेने. आणि क्यूटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असते ती पातळ कातडी, कापू देऊ नका, नुसतं मागे सरकवायला सांगा, ती कातडी जंतू आत जाऊ नयेत म्हणूनच असते.

हां, नखं मुळातच पातळ असतील, पटकन सोलवटत असतील तर स्क्वोव्हल करा, म्हणजे चौकोनी पण कोपरे गोल केलेलं, थोडं रुंद दिसेल पण टिकेल. नखं दणकट असतील तर आल्मंड, म्हणजे बदामासारखा टोकाला निमुळता शेपही छान दिसतो, त्याला लांबी मात्र जास्त लागते. आणि एक्स्टेन्शन करायचंच असेल तर आधी एकदा लावून घरात आठवडाभर भांडी घासून, साडी नेसून बघा. मी दोन दिवस आधी आयुष्यात पहिल्यांदा लावली, तिथेच चुकलं, आणि हे ताईला अजून मान्य नाही.