अहो कुणाला, अरे कुणाला

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूच्या विद्यापीठाचं पत्र आल्याचं तुझ्या आईनं सांगितलं आणि दिवसभर मन भरून आलं होतं. काय काय सोबत न्यायचं हे तू विचारलंस. कुकर किती लिटरचा, थर्मल कुठून घ्यायचे, हे तुला आधी गेलेली मुलं सांगतील. आपल्या शिवाजी विद्यापीठातून थिन फिल्मवर, म्हणजे पदार्थांच्या अतिपातळ थरांवर, काम करायला कोरियात गेलेल्यांची आता मोठी साखळीच झाली आहे. मला दुसरंच काहीतरी सांगायचं आहे.

भाषा शीक. मनापासून शीक. प्रयोगशाळेत इंग्रजीवर निभावतं, म्हणून आपली बरीच मुलं पाच-पाच वर्षं राहूनही 'आन्न्योंग हासेयो', म्हणजे नमस्कार, याच्या पुढे जात नाहीत. माझीही पहिली दोन वर्षं तशीच गेली. पण कोरियन कळायला लागलं की तो समाज माणसाला कुठल्या पायरीवर उभा करतो, ते ऐकू यायला लागतं. तिथं 'छोंदेतमल' म्हणजे आपलं अहो-जाहो आणि 'बानमल' म्हणजे अरे-तुरे. क्रियापदाच्या शेपटीवरून कळतं, समोरच्यानं आपल्याला काय मानलंय ते.

तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात मी मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात उभा होतो. शेजारी एक नेपाळी मुलगा. निळं कारखान्याचं जॅकेट, नखांत काळं तेल मुरलेलं. "दाइ, इंडिया से?" असं त्यानं मला हळूच विचारलं. तेवढ्यात दुकानदार आला. मला म्हणाला, "ओसो ओसेयो", या, या. त्याला म्हणाला, "या, मोया?" म्हणजे, काय रे, काय पाहिजे? त्या पोरानं त्याच अरे-तुरेत उत्तर दिलं, कारण कारखान्यात मालकाच्या तोंडून त्यानं तेवढीच भाषा ऐकली होती. दुकानदार भडकला, मोठ्यांशी बोलायची रीत नाही म्हणाला. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्हीही कारखान्यात? मी घाईघाईनं सांगितलं, नाही, नाही, मी विद्यापीठात, संशोधक आहे. दोनदा सांगितलं. मला सगळं समजलं होतं, त्या पोराची बाजू मांडण्याइतकं बोलताही येत होतं, आणि मी फक्त स्वतःला वेगळं काढून घेतलं. फोन घेऊन वळेपर्यंत तो निघून गेला होता. आजही ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

तो मुलगा ज्या व्यवस्थेतून आला होता ती समजून घे. २००४ साली कोरियानं रोजगार परवाना पद्धत सुरू केली. त्याआधी परदेशी कामगारांना 'प्रशिक्षणार्थी' म्हणून आणायचे आणि कामगाराचे हक्क नाकारायचे, त्यापेक्षा ही पद्धत नक्कीच बरी. नेपाळ, व्हिएतनाम, कंबोडिया, बांगलादेश अशा ठरावीक देशांतली माणसं त्यातून येतात, भारत त्या यादीत नाही. कुटुंब आणता येत नाही. मालक बदलायचा तर कारणं ठरलेली आणि वेळाही मोजक्या. एका वेळी राहायचं जास्तीत जास्त ४ वर्षं १० महिने. आणि नागरिकत्वासाठीची एक मूळ अट सलग ५ वर्षं राहण्याची. आता ते दोन महिने कशासाठी कापले असतील, याचा तूच विचार कर. डिसेंबर २०२० मध्ये पोचोनला एका शेतावर कंबोडियाची एक कामगार बाई कडाक्याच्या थंडीत प्लास्टिकच्या हरितगृहातल्या निवाऱ्यात मरून पडलेली सापडली. त्यानंतर राहण्याच्या जागेचे नियम कडक झाले. ते वाचताना मला आपल्या शिवारातली ऊसतोड कामगारांची पालं आठवली. लहानपणी शाळेला जाताना रोज त्यांच्यावरून जायचो आणि आत कोण राहतं ते कधी विचारलं नव्हतं.

'दामुन्ह्वा' हा शब्द तुझ्या कानावर सारखा पडेल. अर्थ बहुसांस्कृतिक. २००८ मध्ये त्या नावाच्या कुटुंबांसाठी कायदा झाला, केंद्रं निघाली, भाषेचे वर्ग सुरू झाले, अनेक परदेशी सुनांना खरा आधार मिळाला. पण कायद्यातलं ते कुटुंब म्हणजे मुख्यतः कोरियन माणसाशी लग्नाच्या नात्यानं जोडलेलं. दोघंही परदेशी कामगार असलेलं जोडपं त्यात बसत नाही. आणि शाळेत तोच शब्द पोरांना चिकटवला जातो, 'ती दामुन्ह्वा मुलगी' असा. चांगल्या हेतूनं काढलेल्या शब्दाचं असं व्हावं, याचं मला फार वाईट वाटतं.

रक्त एक असलं की सगळं सोपं होतं, असंही नाही. ग्वांगजूत वोलगोक-दोंग भागात कोर्योइन लोकांची वस्ती आहे. १९३७ मध्ये स्टालिननं रशियाच्या पूर्व टोकाकडच्या सुमारे पावणेदोन लाख कोरियनांना मध्य आशियात हलवलं, त्यांचे हे वंशज. चेहरा कोरियन, तोंडात रशियन. आजोबांच्या देशात येऊन ते परकेच ठरले. एखाद्या रविवारी तिथं जा, तंदूरमधली गोल भाकरीसारखी पोळी घे आणि दुकानातल्या बाईंशी कोरियनमध्ये बोल. दोघींची भाषा अडखळेल, पण बोलणं होईल.

आपण शिकलेले, आपल्याला काय होणार, असंही समजू नकोस. देगू शहरात विद्यापीठाशेजारी मशीद बांधायला निघालेले विद्यार्थीच होते. शेजाऱ्यांच्या तक्रारींवरून फेब्रुवारी २०२१ मध्ये बांधकाम थांबवलं गेलं, सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते थांबवणं बेकायदा ठरवलं, तरी त्या जागेसमोर डुकरांची मुंडकी ठेवली गेली. त्याच वादात या मुलांच्या बाजूनं उभे राहिलेले कोरियन नागरिकही होते, तेही लक्षात ठेव. १९६० आणि ७० च्या दशकांत याच देशाची माणसं पश्चिम जर्मनीत खाणकामगार आणि परिचारिका म्हणून गेली होती. कोरियातली म्हातारी माणसं हे विसरलेली नाहीत. माझ्या घरमालकीणबाई दर नोव्हेंबरला किमची आणून द्यायच्या आणि थंडीत खोली गरम होते ना, हे स्वतः हात लावून बघायच्या.

गेल्यावर पहिल्याच सत्रात सामाजिक एकात्मता कार्यक्रमात, म्हणजे परदेशी लोकांसाठीच्या सरकारी भाषावर्गांत, नाव घाल. शून्य ते पाच अशा पायऱ्या असतात आणि पुढे निवासाच्या परवान्यासाठी त्याचा उपयोग होतो. गाईड सर नाराज होतील म्हणून टाळू नकोस, आठवड्याचे काही तास मागून घे. वर्गात शेजारी व्हिएतनामची सून बसेल, उझबेक वेल्डर बसेल. त्यांच्याशी मैत्री कर. कारखान्यातल्या कुणाशी बोलताना तुझं क्रियापद अहो-जाहोचंच असू दे, समोरचा वयानं लहान असला तरी.

माझी जुनी कोरियन वही तुझ्या आईकडे दिली आहे. त्यात बानमलची चार पानं आहेत, तीही पाठ कर. कुणाशी बोलण्यासाठी नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी कुणी तसं बोललं, तर तुला ते ऐकू यायला हवं.

तुझे,
सर