जुना डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल (मोटर थेट थाळी फिरवते असा रेकॉर्ड प्लेयर) घ्यावा का? बिघडला तर इंदुरात दुरुस्त कोण करणार?

घ्या. हाच प्रश्न रबरी पट्ट्याने थाळी फिरवणाऱ्या बेल्टवाल्यांना कुणी का विचारत नाही? रबर माळव्याच्या उन्हाळ्यात सैल पडतो, वेग हलतो आणि तानपुऱ्याचा सूर डुलायला लागतो. आमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीचा ख्याल, ज्याने ऐकलाय, त्याला तेवढं डुलणंही सहन होत नाही.

रामबागेतल्या आमच्या एका स्नेह्यांचं मात्र ठाम मत: डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे डीजेंचं खेळणं, आयसी (मोटर चालवणारी चिप) उडाला की भंगार. त्यांनीच 'मोटर गेली' असा निकाल दिलेला टेक्निक्स एसएल-१२००एमके२ आम्ही उघडला. पिच स्लायडर (वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी) मध्यावर असताना वेग अचल, जरा सरकवला की झेपा. इथेच निकाल लागतो. मध्यावर क्वार्ट्झ लॉक (स्फटिकाच्या आधाराने वेग पक्का धरणारी व्यवस्था) पकडतोय, म्हणजे मोटर आणि तिचा आयसी दोन्ही ठणठणीत. मोटर जाणार तरी कशी? ब्रश नाहीत, चुंबक थाळीच्या पोटात, कॉइल खाली बोर्डावर. झिजणारं एकच बेअरिंग, त्याला २००० तासांनी तेलाचे दोन-तीन थेंब.

दोष स्लायडरच्या मळलेल्या ट्रॅकमध्ये. प्लग काढा, थाळी आणि सुईच्या आर्मचं मागचं वजन उतरवा, आर्म बांधा, मगच यंत्र पालथं करा. स्लायडरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा, मग टोकापासून टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा सरकवा. गंज सोडवायचं तेल तिथे मारू नका, ते धूळ धरून ठेवतं. उघडलंच आहे तर इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदला: मायक्रोफॅरड मूळचेच, व्होल्टेज तेवढंच किंवा वरचं, १०५ अंशांचे. गरम होणाऱ्या रेग्युलेटरच्या पायांभोवती सोल्डरला बारीक गोल चीर पडते, तिथे नवं सोल्डर. शेवटी ३१५० हर्ट्झच्या एकाच सुराची टेस्ट रेकॉर्ड लावून फोनवरच्या अ‍ॅपमध्ये वेग मोजा. स्नेही अजून 'नशीब' म्हणतात. असो.

खरी भीती दोनच गोष्टींची. एक, थाळी पंख्यासारखी भरधाव सुटली तर मोटरकडून येणारा वेगाचा सिग्नल तुटलाय किंवा आयसी गेलाय. एमके२ मधला एएन६६७५ आता बनत नाही, आणि बाजारात नाव खोडून नवं छापलेले नग फिरतात. म्हणून विकत घेण्याआधी सर्व्हिस मॅन्युअलमधून आयसीचे नंबर काढा आणि ते कुठे मिळतात ते बघा; ब्रँडचं नाव नंतर.

दुसरी, वीज. जपानहून आलेला सेट १०० व्होल्टचा असतो. आपल्याकडे सर्रास मिळणारा स्टेप-डाउन ११० देतो, आणि रात्री लाइन २५० ला गेली की तोच जवळपास १२० देतो. १०० व्होल्टचाच सांगून बनवून घ्या. ५० व्हीएचा पुरे. ५० की ६० हर्ट्झ याने क्वार्ट्झवाल्याला फरक पडत नाही. मेन्सच्या निऑनवर चालणारा जुना स्ट्रोब (वेग तपासायचा लुकलुकता दिवा) असेल तर थाळीच्या कडेचे ठिपके मात्र ५० च्या ओळीतलेच बघायचे.

आर्म आपोआप उचलून ठेवणारं फुल ऑटोमॅटिक मॉडेल टाळा. आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं आणि आर्म अर्ध्यावर अडकतो. थाळी बसवलेलीच ठेवून पार्सल आलेला सेट फुकटही नको, बेअरिंगला मार बसलेला असू शकतो. प्रत्यक्ष बघायला गेलात तर आर्म समतोल करून तरंगू द्या आणि आर्मच्या टोकाचं हेडशेल हलकेच डोलवून बघा. खुळखुळ जाणवली तर निघून या.

दुरुस्ती कोण करणार, हे राहिलंच. टर्नटेबलवाला शोधू नका, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा गाठा आणि मॅन्युअल छापून हातात द्या. मल्टीमीटर धरता येत नसेल तर स्वतः उघडू नका, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला २३० व्होल्ट असतात. आणि आजोबांच्या लाखेच्या रेकॉर्ड वाजवायच्या असतील तर एमके२ वरची ही सगळी मेहनत वाया: त्याला ७८ चा वेगच नाही. तो वेग असलेलं मॉडेल बघा, ७८ ची जाड सुई वेगळी घ्या.