वाड्याला काय पेलतं ते आधी बघ

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझा थीसिसचा प्रस्ताव वाचला. पुण्याच्या पेठेतला दुमजली वाडा, त्यात सार्वजनिक वाचनालय आणि वाड्याचा इतिहास दाखवणारं डिजिटल दालन. विषय चांगला आहे. पण तुझ्या पहिल्याच शीटवर चौकावर काचेचं छप्पर, माडीवर पुस्तकांची कपाटं आणि देवडीत, म्हणजे दाराच्या आतल्या प्रवेशाच्या जागेत, मोठा स्क्रीन आला आहे. म्हणजे वाड्यात काय हवं ते तू ठरवलंस आणि मग ते वाड्यात बसवलंस. क्रम उलटा कर. वाड्याचं लाकूड किती वजन घेतं, उजेड कुठून येतो, माणसं कुठे थांबतात हे आधी कागदावर येऊ दे. कार्यक्रम त्यातूनच ठरेल, आणि आताच्या कार्यक्रमापेक्षा तो वेगळा असेल.

साइट पक्की करण्याआधी दोन चौकशा कर. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत आहे, ही पहिली. पहिल्या श्रेणीत आतल्या बदलांनाही जवळपास वाव नसतो, दुसरीत तो मर्यादित असतो, तिसरीत बराच मिळतो. दुसरी चौकशी शनिवारवाड्यापासूनच्या अंतराची. तो केंद्र सरकारने संरक्षित केलेला असल्यामुळे त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. शनिवार आणि कसबा पेठेतले कितीतरी वाडे या वर्तुळात येतात. मागच्या बाजूला तीन मजली नवी इमारत दाखवलीस आणि जागा ९० मीटरवर निघाली, तर ज्युरीचा पहिला प्रश्न तिथेच येईल.

आता मोजणी. दोघींनी जा, एकीकडे टेप आणि दुसरीकडे वही. प्रत्येक भिंतीची मापं एकाच टोकापासून सलग घे : ०, ०.८४, १.९२, ३.४१ अशी. दार, खिडकी, खांब अशी सुटी मापं घेऊन बेरीज केलीस की प्रत्येक मापातली चूक पुढे साठत जाते. कुठलीही खोली काटकोनात आहे असं धरू नकोस, प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोज. उंचीसाठी देवडीच्या फरशीपासून एक मीटरवर एक रेषा धर आणि पाण्याच्या नळीने ती सगळ्या वाड्यात फिरव. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर रेषा चुकते, म्हणून दर वेळी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारख्या पातळीला येतं का ते बघ. खांबाचा कल ओळंब्याने मोजायचा. चौकातल्या वाऱ्याने ओळंबा हलत राहतो, तेव्हा त्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडव, म्हणजे दोरा स्थिर होतो. लेझर मीटरचा ठिपका उन्हात दिसत नाही आणि काळ्या पडलेल्या लाकडावर नीट वाचन देत नाही. समोर पांढरं कार्ड धरलं की काम होतं.

फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल करणार आहेस, ते जरूर कर. शेजारच्या दोन फोटोंत ७० ते ८० टक्के भाग समान हवा, झूम बदलायचा नाही, एक्स्पोजर लॉक करायचं, फ्लॅश बंद. दृश्यात मोजलेली किमान चार अंतरं असू देत, नाहीतर मॉडेल देखणं होईल पण त्याचं माप भरवशाचं नसेल. धुराने काळं पडलेलं छत आणि काचेचे दरवाजे यांत ते हमखास फाटतं, ते भाग हाताने मोज. पण हे मॉडेल फक्त पाहुण्यांना फिरवून दाखवण्यासाठी ठेवू नकोस. प्रत्येक तुळईच्या लांबीने त्याचा उभा छेद घे आणि तिची खालची कड बघ. कुठली तुळई मधोमध किती झोळ खाते ते मिलिमीटरमध्ये समोर येईल. तंत्रज्ञानाचा या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा उपयोग मला हाच वाटतो.

आता वजनाकडे ये. तुझी मांडणी इथेच बदलणार आहे.

वाड्याचा सांगाडा खणांचा, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरांचा : तळखड्यावर, म्हणजे बुडाच्या दगडावर, खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, म्हणजे बारीक आडवी लाकडं, त्यावर फळ्या, आणि त्यावर मातीचा थर. भारतीय मानकांप्रमाणे राहत्या घराच्या मजल्यावर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, वापराचं वजन धरतात. पक्की बैठक नसलेल्या सभेच्या जागेला ५, आणि पुस्तकांची कपाटं असलेल्या खोलीला किमान ६. म्हणजे तुझी माडीवरची कपाटं घराच्या तिप्पट वजन मागतात. त्यात झोळ गेलेली जमीन सपाट करायला तू ७५ मिमी काँक्रीट दाखवलं आहेस. त्याचंच वजन चौरस मीटरला १.८ किलोन्यूटनच्या आसपास होतं. एकाही माणसाने पाऊल टाकण्याआधी घराच्या वाट्याची बहुतेक ताकद संपली.

उलट विचार कर. फळ्यांवरचा मातीचा थर १५० मिमी असेल तर त्याचं वजन अडीच किलोन्यूटनच्या घरात जातं. तो काढून हलकी, कोरडी जमीन केलीस तर तेवढी ताकद मोकळी होते. मात्र माती आवाज आणि उष्णता अडवते. ती काढलीस तर वरच्या पावलांचा आवाज खाली वाचणाऱ्यांच्या डोक्यावर येईल, म्हणून फळ्या आणि नवी जमीन यांच्यामध्ये आवाज शोषणारा थर दाखवावा लागेल. मी सुचवीन ते असं : कपाटं सगळी खाली, जोत्यावर, जिथे वजन थेट जमिनीत जातं, आणि माडीवर फक्त बसून वाचणं. खण बहुतेक वाड्यांत पाच फुटांच्या, म्हणजे दीड मीटरच्या आसपास असतो. तुझ्या वाड्यात मोजून खात्री कर. दोन्ही बाजूंनी पुस्तकं लागणारं कपाट ६० सेंमी आणि मधली वाट ९० सेंमी, बेरीज दीड मीटर. तेव्हा कपाटांच्या रांगा खांबांच्या ओळीतच बसतात. खाली ओल आणि वाळवी यांचा त्रास असतो, म्हणून कपाट जमिनीपासून १५० मिमी वर आणि भिंतीपासून ७५ मिमी दूर ठेव. मागून हवा फिरते आणि वाळवीची मातीची नळी वेळेत दिसते.

लाकूड तपासताना तुळईचा मधला भाग बघून समाधान मानू नकोस. तुळई कुजते ती भिंतीत शिरलेल्या टोकाशी. तिथे जाड स्क्रूड्रायव्हर टोचून बघ, हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐक, ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर लाव. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला वाव मिळतो. कारण बहुधा वरच असतं : सरकलेलं कौल, फुटलेली पन्हळ, किंवा भिंतीला बाहेरून मारलेलं सिमेंटचं प्लास्टर. जुन्या विटा आणि चुना ओल घेतात आणि सोडतात. सिमेंटने ती वाट बंद झाली की पाणी आत साठतं, क्षार प्लास्टरच्या मागे जमून ते फुगवतात, आणि ओल लाकडाच्या टोकाकडे जाते. म्हणून तपशिलात चुन्याचंच प्लास्टर लिही : एका भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू, एका वेळी १०-१२ मिमीचा थर, ओल्या गोणपाटाखाली किमान आठवडाभर. भर पावसाळ्यात हे काम धरू नये. विजेच्या तारांसाठी भिंती खणू नकोस आणि कोरीव लाकडाला एकही खिळा नको. तारा कडीच्या बाजूने, भिंतीत न गाडता, तांब्याच्या किंवा लोखंडी नळीतून जाऊ देत.

चौकाचा हिशेब तुझ्यासमोरच मांडतो. तुझ्या प्लॅनमध्ये चौक ६ मीटर बाय ६ मीटर आहे, फरशीपासून पागोळीपर्यंत, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपर्यंत, ६.५ मीटर. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला. डिसेंबरच्या अखेरीला मध्यान्ही सूर्य ४८ अंशांवर असतो, तेव्हा दक्षिणेकडच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या उताराची, सावली ५.८ मीटर लांब पडते, म्हणजे जवळजवळ सगळी फरशी सावलीत. ऊन मिळतं ते उत्तरेकडच्या सोप्याच्या, म्हणजे चौकाकडे उघड्या पडवीच्या, दर्शनी भागाला. हिवाळ्यात दुपारी वाचायला बसायची जागा तीच, आणि तुझ्या प्लॅनमध्ये तिथे स्वच्छतागृह आहे. मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि अख्खी फरशी तापते. त्या वेळी निरभ्र आकाशात आडव्या पृष्ठभागावर चौरस मीटरला सुमारे ९०० वॉट ऊन पडतं. ३६ चौरस मीटरच्या साध्या काचेतून त्यातलं पाऊणहून थोडं जास्त आत आलं, तर २५ किलोवॅट उष्णता चौकात उतरते. दोन किलोवॅटचे बारा हीटर एकदम लावल्यासारखं. आणि जी गरम हवा आतापर्यंत चौकातून वर निघून जात होती, तिची वाट तू काचेने बंद केलीस. मग वातानुकूलन येतं, त्यामागून थंड पृष्ठभागावर दव, आणि त्यामागून लाकडाला ओल.

चौक उघडाच ठेव. कार्यक्रमापुरती दोरीवर सरकणारी कापडी कनात पुरते. छप्पर टाळताच आलं नाही, तर ते पागोळीच्या वर किमान ६० सेंमी उचललेलं, चारही बाजूंनी उघडं आणि कडांच्या बाहेर आलेलं हवं. पावसाचं पाणीही मोज. आत उतरणाऱ्या पाख्यांचं आडवं क्षेत्रफळ १८० चौरस मीटर धर, तासाला १०० मिमीची सर धर. सेकंदाला ५ लिटर पाणी चौकातून बाहेर जायला हवं. जुनी मोरी शोध, ती बुजली आहे का बघ, सेक्शनमध्ये, म्हणजे वाड्याच्या उभ्या छेदात, तिचा उतार दाखव.

देवडीबद्दल माझं मत ठाम आहे : तिथे स्क्रीन नको. रस्त्याच्या लख्ख उजेडातून बुटक्या, अंधाऱ्या देवडीत शिरायचं, वळायचं आणि मग चौकाचा उजेड समोर यायचा, हा क्रम वाड्याच्या अनुभवाचा कणा आहे. रस्ता, उंबरा, देवडी, ओसरी, चौक अशा पाच ठिकाणी प्रकाश मोज, मोबाइलमधलं अ‍ॅप तुलनेपुरतं चालेल, आणि ते आकडे सेक्शनखाली लिही. डिजिटल दालन माजघरात ने. तिथे बाहेरचा उजेड येतच नाही, प्रोजेक्टरला हवी तशी खोली आहे ती.

माडीच्या खिडक्या निरखून बघ. त्यांची तळकड जमिनीपासून फूट-दीड फुटावरच असते, कारण माणसं जमिनीवर बसत. मांडी घालून बसलेल्या माणसाचा डोळा ७५-८० सेंमीवर असतो, खुर्चीत बसलेल्याचा ११५-१२० सेंमीवर. खिडकी बुटकी असेल आणि तिथे टेबल-खुर्ची मांडलीस तर नजर वरच्या चौकटीला अडते आणि रस्ता दिसेनासा होतो. खिडकीशी बैठी मेजं आणि सतरंजी ठेव. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या तळमजल्याच्या सोप्यात, कारण ते लोक जिनाही चढणार नाहीत. वाचायच्या मेजावर ३०० लक्सच्या आसपास उजेड पडेल असा दिवा दे. सार्वजनिक वापराला जुना कठडा कमी उंचीचा ठरेल. तो काढू नकोस, आतल्या बाजूने एक बारीक लोखंडी कठडा उभा कर. जोतं ६० सेंमी असेल तर १:१२ उताराचा रॅम्प ७.२ मीटर लांब होतो. तो दर्शनी बाजूला मावणार नाही, बोळातून ने.

आगीचा विचार शेवटच्या शीटवर ढकलू नकोस. शनिवारवाड्यातले महाल १८२८ च्या आगीत गेले. जाड सागवान सावकाश जळतं, मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिमी, त्यामुळे जाड खांब अर्धा तास सहज उभा राहतो. धोका पातळ फळ्या, जुनी वायरिंग आणि भिंतीतला एकमेव अरुंद जिना यांचा आहे. दुसरा जिना लागणारच. तो मागच्या बाजूला, स्वतःच्या लोखंडी सांगाड्यावर उभा असू दे, वाड्याच्या लाकडावर भार न टाकता, मध्ये २५ मिमी फट ठेवून. त्याचा पाया जुन्या जोत्याला खेटून आणि त्याच्या पायापेक्षा खोल खणू नकोस, भिंत खचेल. नवं जुन्यापासून किंचित अलग ठेवण्याची रीत अभ्यासायची असेल तर इटलीतल्या व्हेरोनाच्या कास्तेलवेक्कियो या जुन्या किल्ल्यातल्या संग्रहालयात वास्तुकार कार्लो स्कार्पाने केलेली जमीन आणि भिंतीचे सांधे बघ.

आणि वाड्यात भाडेकरू राहतात. तुझ्या प्लॅनमध्ये ते नाहीत. मागच्या दोन खोल्यांत कोण आहे, पाणी कुठून भरतात, वाळवण कुठे घालतात, संध्याकाळी ओसरीवर कोण बसतं, हे दर पंधरा मिनिटांनी प्लॅनवर ठिपके मांडून नोंदव. एक कामाचा दिवस आणि एक रविवार, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. फोटो विचारून काढ. तुझ्या वाचनालयानंतर ती माणसं त्याच वाड्यात कुठे राहतील याचं उत्तर प्लॅनवर काढलेलं हवं, टिपणात लिहिलेलं नको.

पुढच्या वेळी रेंडर, म्हणजे संगणकावरची देखणी चित्रं, पाठवू नकोस. रस्त्यापासून मागच्या बोळापर्यंतचा १:५० चा एक सेक्शन हवा, त्यात डिसेंबर आणि मेचं ऊन, तुळयांचा झोळ, बसलेली आणि उभी माणसं, पाण्याची वाट. सोबत भिंतीत शिरणाऱ्या एका तुळईच्या टोकाचं १:५ चं रेखाटन, तुला प्रत्यक्ष दिसलं तसं. टोक दिसलं नसेल तर तो भाग तुटक रेषेने दाखव.

सस्नेह,
तुझा मार्गदर्शक