जुनी नियमपुस्तके खेळताना कशी वापरावीत?

आपला प्रश्न असा आहे की, कल्पित पात्रे घेऊन फाशांवर खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात, पांडवलेण्यांतील विहारावरून आखलेल्या १८ खोल्यांच्या डंजनमध्ये (राक्षसांनी भरलेल्या भुयारी जागेत) खेळ वारंवार अडतो, नियम शोधण्यात बराच वेळ जातो, तेव्हा जुनी पुस्तके बाजूला ठेवून स्वतःचेच नियम लिहावेत का. नाशिकमध्ये बरीच वर्षे याच पद्धतीचे खेळ चालवत आल्यावर माझे ठाम मत असे झाले आहे की पुस्तके सोडू नयेत. त्यांतील नियमांची मांडणी मात्र आपण नव्याने करावी, आणि ती विषयवार न करता खेळात जे ज्या क्रमाने घडते त्या क्रमाने करावी.

हा गोंधळ कोठून आला हे आधी पाहू. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तीन छोट्या पुस्तिका निघाल्या, त्या युद्धखेळांत मुरलेल्या लोकांसाठी होत्या. लढाईसाठी ‘चेनमेल’ हा आधीचा खेळ वाचकाकडे असेल असे त्यांत धरून चालले होते, आणि आज आपण जी मूळ पद्धत मानतो ती डी-ट्वेंटीने (वीस बाजूंच्या फाशाने) हल्ला ठरवण्याची पद्धत तेथे पर्याय म्हणून दिलेली होती. पुढे ‘अॅडव्हान्स्ड’ मालिकेत राक्षसांचे पुस्तक १९७७ मध्ये, खेळाडूंचे १९७८ मध्ये आणि डीएमचे (डंजन मास्टरचे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचे) १९७९ मध्ये आले. हल्ल्याचे तक्ते या शेवटच्या पुस्तकात आहेत. म्हणजे नियम होते, पण ते हाताशी नव्हते.

म्हणून कोणताही नियम अडला की तो का अडला हे प्रथम ओळखावे. तो पुस्तकात असून सापडत नाही, दोन प्रकारे वाचता येतो, की मुळात दिलेलाच नाही, या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. माझ्या अनुभवात पहिला प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि नवे डीएम नेमके त्यालाच तिसरा समजून घरचे नियम रचू लागतात.

आपल्याच नकाशाचे उदाहरण घेऊ. याच खेळाच्या, १९८१ च्या टॉम मोल्डव्हे यांच्या बेसिक (नवख्यांसाठीच्या) आवृत्तीनुसार डंजनमधील एक टर्न, म्हणजे पात्रांच्या वेळेचा एक टप्पा, १० मिनिटांचा असतो आणि १० बाय १० फुटांच्या जागेत काही लपलेले आहे का हे शोधण्यास एक टर्न लागतो. मशाल सहा टर्न टिकते, दर सहा टर्नमागे एक टर्न विश्रांती घ्यावी लागते, आणि दर दोन टर्नांनी डीएम डी-सिक्स (सहा बाजूंचा फासा) टाकतो. एक आल्यास भटके राक्षस येतात. आता १८ खोल्या प्रत्येकी १० बाय १० फुटांच्या धरल्या, तर केवळ शोधण्यात तीन तास जातात, तीन मशाली संपतात आणि भटक्या राक्षसांचा फासा नऊ वेळा पडतो. विश्रांतीचे टर्न आणि चालण्याचा वेळ यांत धरलेलाच नाही. प्रत्येक खोली शोधायची की नाही, हा या खेळातील खरा निर्णय येथे तयार होतो. हे सर्व आकडे पुस्तकात आहेत, पण प्रकाश, हालचाल, शोध आणि राक्षस अशा वेगवेगळ्या मथळ्यांखाली विखुरलेले आहेत. ते एका पानावर, टर्नच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय करायचे या क्रमाने लिहून काढा आणि त्याखाली टर्न मोजण्यासाठी चौकोन आखा. आपला खेळ जेथे अडतो आहे, ते बहुतेक या एका पानाने सुटेल.

लढाईसाठीही असेच एक पान पुरते: दोन्ही बाजूंनी प्रत्येक राउंडला (लढाईच्या फेरीला) डी-सिक्सवर इनिशिएटिव्ह (आधी चाल कोणाची), मग मोराल (राक्षस लढत राहतात की पळतात), हालचाल, लांबचे हल्ले, जादू आणि शेवटी हातघाई. ‘अॅडव्हान्स्ड’मधील सेगमेंट (राउंडचे छोटे भाग) आणि शस्त्रांच्या वेगाचे नियम यात मिसळू नका, ते अनुभवी मंडळीही आजवर एकसारखे वाचत नाहीत.

गॅव्हिन नॉर्मन यांचे ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ विकत घ्यावे का, हेही आपण विचारले आहे. जरूर घ्यावे. १९८१ चेच नियम त्यात एका विषयाला समोरासमोरची दोन पाने अशा शिस्तीने मांडलेले आहेत आणि खेळ चालू असताना शोधण्यासाठी त्याहून सोयीचे पुस्तक मला माहीत नाही. तथापि त्यात नियमामागचे कारण समजावून सांगणारा मजकूर फार थोडा आहे, आणि मोल्डव्हे यांचे पुस्तक नवख्याला हात धरून नेते, खेळ कसा चालतो याचा नमुना संवादही देते. त्यामुळे शिकण्यासाठी ते जुने पुस्तक वाचावे आणि खेळताना हे नवे जवळ ठेवावे.

आता खरोखर गाळलेल्या नियमांबद्दल. दाराला कान लावून ऐकण्याची शक्यता मोल्डव्हे देतात: माणसाला सहांत एक, एल्फ, ड्वार्फ आणि हाफलिंग या कल्पित वंशांच्या पात्रांना सहांत दोन, आणि प्रत्येकाला एका दाराशी एकच संधी. पण ऐकण्यास किती वेळ लागतो हे तेथे सांगितलेले नाही. १८ दारांच्या नकाशात हा प्रश्न पहिल्याच खेळात येणार, म्हणून त्याचा निर्णय आधीच घ्या. आमच्याकडे एका दाराशी कितीही जणांनी ऐकले तरी एक टर्न धरतो, कारण त्यामुळे सावधगिरीचीही किंमत मोजावी लागते. आपल्या गटाला हे जड वाटल्यास तीन दारांना मिळून एक टर्न धरा. जो निर्णय होईल तो त्याच पानावर वेगळ्या शाईने लिहा, म्हणजे नव्या खेळाडूला पुस्तकातील नियम कोणता आणि आपल्या गटाचा कोणता हे लगेच दिसेल, आणि पुढे बदलायचा झाल्यास कोणत्या ओळीला हात लावायचा हेही सर्वांना ठाऊक असेल.