चार्टवर सगळ्यांचाच श्वास १८ कसा?

पेशंटच्या तपासणीबद्दल नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न : नाडी, बीपी, ऑक्सिजन सगळं मॉनिटरवर दिसतं. श्वास तेवढा हातानं मोजावा लागतो, आणि चार्टवर तो बहुतेकांचा १८ नाहीतर २० लिहिलेला असतो. मोजण्यात एवढा वेळ घालवायची खरंच गरज आहे का?
– जी.एन.एम. दुसरं वर्ष, कागल

उत्तर : आहे. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी श्वास वाढतो. बीपी उतरायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो. बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन ९६ दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. मिनिटाला २८ श्वास ओढून कुणी ते ९६ टिकवून धरलं असेल, तर तो माणूस दमत चाललाय. दमला की तोच आकडा झरझर खाली येतो.

पेशंटचा हात त्याच्याच छातीवर आडवा ठेवा आणि मनगटाची नाडी मोजा. नाडी मोजून झाली तरी बोटं तिथंच राहू द्या, नजर तेवढी छातीकडे वळवा. ‘आता श्वास मोजते हं’ म्हणालात, की माणूस श्वास सांभाळून घ्यायला लागतो. छाती वर जाऊन खाली आली की एक, असे पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारनं गुणलं, तर एक श्वास चुकला तरी नोंदीत चारांचा फरक पडतो. मोठ्या माणसात १२ ते २० ठीक. २५ किंवा त्याच्या वर गेला तर चार्ट पूर्ण करत बसू नका, आधी सिस्टरना सांगा. नाकपुड्या फुलतात का, मानेचे स्नायू ओढले जातात का, एक वाक्य एका दमात पुरं होतं का, हेही आकड्याशेजारी लिहा. बोटांना गडद मेंदी किंवा नेलपेंट असेल, हात गार असतील, तर ऑक्सिजनचा आकडाही फसवा असतो. हात गरम करून दुसऱ्या बोटावर पुन्हा बघा.

प्रश्न : तालमीतल्या एका पैलवानाचं बीपी आमच्या कफनं (दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यानं) १५२/९६ आलं. मॅडमनी मोठा कफ लावला, तर १२८/८०. नाडी ५२ होती. यातलं खरं कुठलं?
– बी.एस्सी. नर्सिंग पहिलं वर्ष, कोल्हापूर

उत्तर : मोठ्या कफचं. कोल्हापुरात हा प्रसंग तुमच्यावर पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कफच्या आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. नेहमीचा कफ २७ ते ३४ सेंटिमीटर घेराच्या दंडाला बसतो. पैलवानाचा दंड सहज ३८-४० भरतो. तोकडी पिशवी रक्तवाहिनी नीट दाबू शकत नाही, जास्त हवा भरावी लागते आणि आकडा खोटाच वर जातो. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेप लावून घेर मोजा. कुठला कफ वापरला तेही नोंदीत लिहा, नाहीतर पुढच्या शिफ्टमध्ये तोच गोंधळ होतो.

मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. गेल्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झालेली नसावी. दंड हृदयाच्या पातळीवर टेकवा. हात १० सेंटिमीटर खाली लोंबत राहिला तरी ७-८ अंकांनी बीपी जास्त येतं. आता मनगटाची नाडी चाचपत हवा भरा. नाडी लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेवा, हवा सोडा, थोडं थांबा. मग स्टेथोस्कोप लावून त्या आकड्याच्या ३० वर हवा भरा आणि सेकंदाला २ ते ३ अंक उतरेल अशी सोडत या. ही पायरी गाळू नका. काहींचे ठोके मध्येच गप्प होऊन खाली पुन्हा ऐकू येतात. तुम्ही त्या गप्प पट्ट्यातच सुरुवात केली, तर १८० चं बीपी १५० लिहून मोकळे व्हाल. पहिला ठोका म्हणजे वरचं, आवाज पूर्ण थांबतो ते खालचं. निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितलेले हेच ते आवाज. डायलवरच्या रेघा दोन-दोनच्या असतात, त्यामुळे डायलवर बघून १३७ येऊच शकत नाही. आणि वॉर्डातल्या सगळ्यांच्या बीपीचा शेवटचा अंक शून्यच असेल, तर कुणीतरी अंदाजानं लिहितंय.

रोज मेहनत करणाऱ्याची नाडी ५२ असणं नवल नाही. चक्कर, डोळ्यांपुढं अंधारी येते का, हे मात्र विचाराच.

प्रश्न : केसपेपरवरचे प्रश्न मराठीत विचारले तरी बायका नुसतं ‘अंग दुखतंय’ म्हणतात. पुढं कसं जायचं?
– ए.एन.एम., गडहिंग्लज

उत्तर : दुखण्याला आपल्या बोलीत भरपूर शब्द आहेत, ते समोर ठेवा. ‘मावशी, ठणकतंय का चमक मारते? सारखं दुखतंय का कळा येऊन जात्यात?’ कळ येऊन जाणं म्हणजे आतडं, मूत्रनळी, गर्भाशय यांच्याकडे बोट. चमक कमरेतून पायात उतरत असेल तर नस. मग एका बोटानं जागा दाखवायला सांगा. शून्य ते दहाचं माप आजींना जमत नाही, पण ‘आठ आणे फरक पडलाय’ हे त्या आपणहून सांगतात. ते तसंच अवतरणात लिहा आणि गोळी दिल्यावर पुन्हा विचारा.

‘गॅस झालाय, छातीत भरल्यागत वाटतंय’ हे वाक्य ऐकलं आणि अंगाला घाम असेल, तर ‘गॅस’ लिहून पुढं जाऊ नका. लगेच कळवा, दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा. मधुमेही आणि बायकांना छातीत दुखतंच असं नाही. नुसती धाप, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं एवढ्यावरही हार्ट अटॅक असतो.

आणखी एक. ‘तंबाखू खाता का?’ याला ‘न्हाई’ उत्तर आलं तरी ‘मिश्री लावता का?’ हे वेगळं विचारा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण लावणाऱ्या बाईच्या लेखी तो दात घासण्याचा भाग. दिवसातून किती वेळा लावतात ते लिहा आणि बॅटरी घेऊन गालाच्या आतून, हिरडीवर पांढरा चट्टा आहे का बघा. न पुसला जाणारा चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

प्रश्न : पोट तपासताना आधी हात लावायचा का स्टेथोस्कोप?
– जी.एन.एम. पहिलं वर्ष, इचलकरंजी

उत्तर : आधी बघा, मग ऐका, मग बोटानं ठोकून बघा, शेवटी दाबा. आधी दाबलं तर आतड्याची हालचाल बदलते आणि आवाजही. मिनिटाला ५ ते ३० आवाज चालतात. ‘आवाज नाही’ लिहिण्याआधी पाच मिनिटं ऐका. दुखरी जागा सगळ्यात शेवटी.

प्रश्न : ग्लासगो कोमा स्केलची फक्त बेरीज लिहिली तर चालते का? – जी.एन.एम. तिसरं वर्ष, जयसिंगपूर

उत्तर : नाही. पेशंट किती शुद्धीवर आहे ते मोजायचं हे माप : डोळे ४, बोलणं ५, हालचाल ६, असे एकूण १५ पैकी गुण. पण १० ही बेरीज कितीतरी वेगवेगळ्या तऱ्हांनी होते. तिन्ही आकडे सुटे लिहा. घशात ट्यूब असेल तर बोलण्याच्या जागी ‘टी’ लिहा.